पोचलं का?

बाबांनी फोन ठेवला तेव्हा तिच्या हातात अर्धवट सोललेलं संत्रं होतं. बाबा म्हणाले होते, "मी तुला विचारलं होतं, मेलवर. तू काही बोलली नाहीस, म्हणजे काय ते मला समजलं. आज दुपारी चहाला येणार आहेत, तेव्हा नाही म्हणून सांगून टाकतो. तू मनाला लावून घेऊ नकोस." आणि ती म्हणाली होती, "बरं." ऑफिसात दिवसभर इकडून तिकडून येणाऱ्या प्रत्येकाला ती जे बरं म्हणत असे तेच हे बरं, गुळगुळीत, कुणालाही चालेल असं. फोन बंद झाल्यावर तिच्या लक्षात आलं की कोण येणार आहे, बाबा कोणत्या गोष्टीला "नाही" म्हणणार आहेत आणि तिने नेमकं काय मनाला लावून घ्यायचं नाही, यातलं तिला काहीएक ठाऊक नाही. संत्र्याचा रस मनगटाकडे ओघळत होता. तिने तो पँटला पुसला आणि स्वतःशीच हसली, कारण बाबांनी विचारलं असेल तर ते मेलबॉक्समध्ये असणार, आणि मेलबॉक्समधून हवं ते हुडकून काढणं हाच तर तिचा धंदा होता. दोन मिनिटांचं काम. परत फोन करून "बाबा, तुम्ही काय विचारलं होतं हो?" असं विचारणं म्हणजे स्वतःच्या दुकानात स्वतःच उधारीवर उभं राहण्यासारखं झालं असतं. शिवाय फोन हे बाबांच्या लेखी जेवलीस का, झोपलीस का एवढ्यापुरतंच यंत्र होतं. त्यावर ते महत्त्वाचं काही बोलत नसत.

तिचं काम सांगायला सोपं होतं आणि ती ते सांगायचीही झकास. लोकांच्या मेलबॉक्समध्ये हजारो मेल साचलेल्या असतात, घरात रद्दी साचावी तशा. तिचा प्रोग्रॅम त्या वाचत नाही, नुसत्या उलटून पाहतो. प्रत्येक मेलच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी, तिचा स्वतःचा एक नंबर असतो. ती कुणाचं उत्तर म्हणून लिहिलेली असेल तर त्या आधीच्या मेलचाही नंबर असतो. नंबराला नंबर जोडत गेलं की कोण कुणाला काय म्हणालं याची आपोआप माळ होते. ऑफिसात सगळे माळच म्हणत. विषयाच्या ओळीत काय लिहिलंय यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. माणसं वर एक लिहितात आणि खाली भलतंच सांगतात, पण पोटातला नंबर खोटं बोलत नाही, असं ती नव्या माणसांना शिकवताना म्हणायची आणि फळ्यावर गोल काढून त्यांना रेघांनी जोडायची. रेघा अशा सरळ यायच्या की पुसायला जिवावर यावं. गेल्या उन्हाळ्यात प्रोग्रॅम नवा झाला, आणि दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधण्याआधी तिने तो स्वतःच्याच मेलबॉक्सवर बसवला होता. आपण रांधलेलं आधी आपण चाखावं, एवढा साधा प्रामाणिकपणा.

तिने शोधाच्या चौकटीत पहिला शब्द टाकला, "ऑपरेशन." मग तिचं तिलाच नवल वाटलं की पहिला हाच का सुचला. विम्याच्या जाहिराती आल्या, ऑफिसातल्या कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी आली. मग "दवाखाना." मग "फ्लॅट," कारण बाबा राहतं घर विकायला काढतील अशी एक भीती तिच्या मनात कुठेतरी घडी घालून ठेवलेली होती. आज चहाला येणारा कुणी दलाल असेल, खोल्यांमधून बोटं फिरवत हिंडेल, आईच्या कपाटाचं दार उघडून ते आत किती खोल आहे ते बघेल. फ्लॅटच्या मेली पानंच्या पानं होत्या, बिल्डरांच्या, बँकांच्या, आणि बाबांची एकही नाही. शेजारच्या इमारतीत ड्रिल चालू झालं. टेबल बारीक थरथरत होतं आणि तिला लहानपणची लिफ्टची खोली आठवली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, ग्रीसच्या वासाची ती खोली, आणि बाबा डोळे मिटून उभे. लिफ्ट कुठे आहे ते बघायचं नसतं, ऐकायचं असतं, असं ते म्हणत. आता तळाला, आता वर निघाली, आत एकच माणूस आहे, जड नाही. ती खाली पळत जाऊन खात्री करून यायची. बाबांचं कधी चुकल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि तोच माणूस आपल्याला काहीतरी विचारून गेला आणि आपल्याला ऐकूही आलं नाही. ड्रिल थांबलं. तिला थोडं गार वाटलं, पण एसीचा झोत तिच्याच खुर्चीवर यायचा, तेव्हा ते एसीवर ढकलणं सोपं होतं.

खरं म्हणजे तिच्या लक्षात आलं होतं. उन्हाळ्यापासून बाबांच्या मेली बंद झाल्या होत्या हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि तिने त्याचा अर्थही लावून टाकला होता, कारण अर्थ न लावता गोष्ट सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. बाबांचं वय झालं, डोळ्यांना त्रास होतो, आता कशाला टाइप करत बसतील. त्या मेलींना तिने लेखी उत्तर असं कधी दिलंच नव्हतं. बाबा गिझर बिघडल्याचं लिहायचे, ती रविवारी फोनवर म्हणायची, गिझर बघितला का? बाबा म्हणायचे, झाला. तेवढ्यावर दोघांचं भागत होतं. मेली यायच्या बंद झाल्या तेव्हा तिला थोडं वाईट वाटलं आणि थोडं, अगदी नखाएवढं, सुटल्यासारखंही वाटलं. त्या नखाएवढ्या सुटकेकडे तिने तेव्हा पाहिलं नव्हतं. आता ती दिसत होती, आणि डोळ्यांआड होत नव्हती.

शेवटी तिने शब्दांचा नाद सोडला आणि पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचा पत्ता टाकला. एकच ओळ आली. एकच माळ, तिचं नाव "पोचलं का?", आणि तारीख अशी की त्या वर्षी तिचे केस कंबरेपर्यंत होते. तिला वाटलं प्रोग्रॅमने खाल्ल्या. इतक्या वर्षांच्या मेली, गिझर, चावी, वीजबिल, सगळं गिळून हा बसलाय. क्षणभर तिला बाबांच्या प्रश्नापेक्षा प्रोग्रॅमचीच काळजी जास्त वाटली, आणि याची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटणार होती. तिने माळ उघडली. माळ उघडायला वेळ लागला, आणि मग ती खाली जातच राहिली, जातच राहिली.

सगळ्यांत वर होती तिची स्वतःची मेल. "बाबा, पोचलं का? पोचलं तर उत्तर द्या." ती बैठकीच्या खोलीतून लिहिली होती, बाबा शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना. बाबांचा मेलचा पत्ता त्याच दिवशी काढला होता आणि दुसऱ्या दिवशी ती या शहरात नोकरीला निघायची होती. आई आतून म्हणाली होती, एका खोलीत बसून पत्रं पाठवताय, टपालवाल्याला तरी लाज वाटेल. बाबा हसले नव्हते. ते यंत्र शिकत होते आणि यंत्र शिकताना ते हसत नसत. नवी मेल लिहायची म्हणजे पत्ता टाइप करावा लागणार, त्यात एक अक्षर चुकलं की गेली, म्हणून तिने घाईघाईत जुगाड सांगितलं होतं. बाबा, तुम्ही माझी ही मेल उघडायची, "उत्तर द्या" दाबायचं, वरचा विषय खोडून तुमचा लिहायचा, खालचं सगळं पुसायचं आणि लिहायला लागायचं. तात्पुरतं. मी पुढच्या वेळी आले की नीट शिकवते. पुढच्या वेळी ती आली आणि नीट काही शिकवलं नाही, कारण मेली येतच होत्या. आणि ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलेल्या क्रमाने बटणं दाबली, कारण क्रम चुकला की मध्येच कुणीतरी लटकतं, त्याने हाही क्रम कधी मोडला नाही. प्रत्येक वेळी तीच पहिली मेल उघडली. वर विषय नवा, खाली मजकूर नवा, पण पोटात नंबर त्याच मेलचा. प्रोग्रॅमने काही खाल्लं नव्हतं. त्याने अगदी बरोबर केलं होतं. बाबांनी तिला लिहिलेली एकूणएक मेल ही "पोचलं का?" याचं उत्तर होती.

आणि त्या तिला दिसल्या का नाहीत हेही तिला तिथल्या तिथे कळलं. ते कळणं सुखाचं नव्हतं. माळा कुठल्या क्रमाने लावायच्या यावर बैठक झाली होती. चाचणी घेणारा तिचा सहकारी, ज्याला सगळे शंकासुर म्हणत आणि जो स्वतःही फोनवर शंकासुर बोलतोय म्हणून सांगे, तो म्हणत होता की ज्या माळेत शेवटची मेल ताजी ती वर असावी. ती म्हणाली होती, माळेचं वय तिच्या पहिल्या मेलवरून धरायचं. तो कुरकुरला, आणि तिने त्याला सर्वांसमक्ष सुनावलं होतं की माणसाचं वय जन्मापासून मोजतात, शेवटच्या शिंकेपासून नाही. खोली हसली. शंकासुरही हसला आणि त्याने पेनाला टोपण लावलं. त्या वाक्यावर ती आठवडाभर खूश होती. त्या वाक्यामुळे बाबांची प्रत्येक नवी मेल आली की निमूटपणे तळाशी, त्या जुन्या वर्षात, जाऊन बसत होती.

ती वाचत खाली गेली. घाई होती, पण घाईने वाचता येत नव्हतं. "गिझर." "आई विचारते स्वेटर नेलास का." "खालच्यांनी चावी हरवली." "आईच्या गुडघ्याला शेक." मग एका वर्षात विषयाच्या जागी नुसतं "आई" असं सहा-सात वेळा, आणि मजकूर एकेका ओळीचा. आई आज उठून बसली. आई झोपली आहे. मग काही महिने काहीच नाही. मग "वीजबिल," आणि त्याच्या पुढे आईचं नाव कुठेच नव्हतं. मेलींमधलं आईचं येणं थांबलंय हे तिला तेव्हा, एकेक मेल सुटी सुटी वाचताना, कधी दिसलं नव्हतं. इथे ते एका दमात दिसलं, आणि ऑफिसात बसून रडायचं नाही हा तिचा नियम होता म्हणून तिने संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि ती चावत राहिली. मग उन्हाळा आला. विषय होता "पडदे."

"पडदे शिवणाऱ्या बाई मापं घ्यायला आल्या होत्या," बाबांनी लिहिलं होतं. "तुला सांगितलं होतं, कोपऱ्यावर दुकान आहे त्यांचं. मापाला एकदा यायचं असतं, त्या चारदा आल्या. मीही चार वेळा चहा केला. त्या एकट्या आहेत, मी पण आहेच. लग्न करून इथे राहायला याव्यात असं माझ्या मनात आहे. त्यांना तू चालेल म्हणालीस तरच चालेल, आणि मलाही. आईचं कपाट हलवावं लागेल. ते हलवू का हे मला कळत नाही. तुझं मत सांग. नाही म्हणालीस तर विषय संपला, मला राग नाही. पडदे निळे घेतले."

खाली आणखी होत्या. "पडदे लागले." "परत तेच." त्या "परत तेच"मध्ये एवढंच होतं की घाई नाही, तू विचार करतेस हे मला समजतं. मग "लिफ्टचा दोर बदलला." मग पावसाळ्यानंतरची शेवटची, "ठीक आहे," आणि आत मजकूर नव्हताच.

ती खुर्चीत मागे टेकली. तिने स्वतःला चांगलं ओळखलेलं होतं, म्हणजे असा तिचा समज होता, आणि म्हणून पुढचा विचार ज्या सहजतेने आला त्याने ती चमकली. काही न करता बसलं तरी चालेल. दुपारी चहा होईल, बाबा नाही सांगतील, पडदेवाल्या बाई कप विसळून ठेवतील आणि जातील. आईचं कपाट जागच्या जागी राहील. कुणाचं वाईट करायला ती गेली नाही, तिने नाही म्हटलेलं नाही, तिला मेल दिसलीच नाही आणि तिच्याकडे त्याचा पुरावा आहे, तारीखवार. इतकं स्वच्छ "नाही" कुणाच्या वाट्याला येत नाही. तिच्या डोळ्यांसमोर कपाटाचं दार आलं, आतला डांबरगोळ्यांचा वास, आणि खालच्या खणात दडवलेली आईची चामडी पर्स. त्या खणात दुसऱ्या कुणाच्या कात्र्या आणि टेपा आल्या तर? आल्या तर आपल्याला चालणार नाही, हे तिला अगदी साफ कळलं. चालणार नाही. आणि तेवढ्याच साफपणे तिला दिसलं की चार वेळा मापं घेणारी ती बाई आणि चार वेळा चहा करणारे बाबा, दोघंही खिडकीची रुंदी पहिल्याच वेळी पाठ झालेली असताना, टेप धरून उभे आहेत. ते बघून तिला हसू आलं. कपाटाचं दुखणं गेलं नाही, पण हसू त्याच्या शेजारी बसलं, आणि दोघांना जागा पुरली. ती उठून उभी राहिली. एकदा ठरलं की ती रेंगाळत नसे.

तिने बाबांना फोन लावला. "बाबा, पडदे," ती म्हणाली.

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "वाचलीस तर."

"आत्ता वाचली. आधी दिसलीच नव्हती. नाही सांगू नका. मी म्हणते—"

"थांब," बाबा म्हणाले, आणि ते ऐकत आहेत हे तिला समजलं, तिचं नव्हे, भिंतीपलीकडचं. "लिफ्ट तळाला गेली. त्याच असतील. तुला जे म्हणायचं ते लिही. फोनवर तू सगळ्यालाच बरं म्हणतेस."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं. ती बसली आणि "पडदे" उघडून "उत्तर द्या" दाबलं. इतक्या वर्षांत बाबांच्या एकाही मेलखाली तिने हे बटण दाबलं नव्हतं. शंकासुर तेवढ्यात काहीतरी शंका घेऊन टेबलाशी आला होता. तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि न बघता सांगितलं की माळांचा क्रम आजच्या आज बदल, ताजी मेल असेल ती माळ वर. तो म्हणाला, बैठकीत तर ठरलं होतं. ती म्हणाली, शिंकेपासून मोजायचं, तुझं बरोबर होतं. तो तिच्याकडे, अर्ध्या संत्र्याकडे आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि पहिल्यांदाच काही शंका न विचारता गेला.

लिफ्ट तळाहून निघाली असेल. दुसऱ्या मजल्यावर ती नेहमी जरा धक्का घेते. तिने लिहिलं, "बाबा, मेल मला आज दिसली. चूक माझी. मला विचाराल तर हो. मला वाईट वाटतंय, ते वाटणारच, त्याकडे तुम्ही बघू नका, ते माझं मी बघते. कपाट तुम्ही एकट्याने हलवू नका, मी येते, आपण हलवू. त्यांना सांगा, मी चालेल म्हणाले. निळे छान दिसत असतील." पाठवायच्या आधी बोट थांबलं. खाली आणखी काहीतरी हवं होतं. तिने शोधलं नाही, ते होतंच. "पोचलं का? पोचलं तर उत्तर द्या."

मग काही करण्यासारखं उरलं नाही. समोरच्या इमारतीत माणसं जेवणाचे डबे आवरत होती. एक खिडकी कुणीतरी फडक्याने पुसत होतं, गोल गोल, त्याच एका जागी. ड्रिल पुन्हा सुरू झालं. ती डोळे मिटून बसली आणि ऐकायचा प्रयत्न केला, पण तिला काही कुठे पोचल्याचं ऐकू येईना. बाबांना येत असे, तिला कधी आलं नव्हतं. खाली पळत जाऊन बघणं एवढंच तिचं काम होतं. शंकासुर आपल्या टेबलावर टकटक करत होता. तिच्या पडद्यावरची यादी एकदा हलली, क्रम उलटला, आणि इतके महिने तळाशी पडून असलेली "पोचलं का?" ही माळ सगळ्यांच्या वर येऊन बसली, बिल्डरांच्या वर, बँकांच्या वर. काही वेळाने तिच्यात एक नवी मेल आली. ती तिच्या आजच्या उत्तराखाली लागली नव्हती. बाबांनी आजही तीच जुनी, पहिली मेल उघडली होती, "उत्तर द्या" दाबलं होतं, वरचा विषय खोडून नवा घातला होता आणि खालचं सगळं पुसून लिहायला घेतलं होतं. विषय होता "चहा."

"पोचलं," बाबांनी लिहिलं होतं. "मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, कपाट हलवू नका, मीच मावेन."